तारेतला एक शब्द

साठच्या दशकात शेतकीच्या पुढच्या शिक्षणासाठी मी अकोल्याहून लंडनला निघालो. विमानात माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते आणि खिडकीशी त्यांची बायको. बॅग हातात धरून मी स्वतःशीच पुटपुटलो, "आता कुठं ठेवू इले?"

बाई एकदम वळल्या. "वऱ्हाडातला हायस का रे बापू?"

ते दोघं अमरावतीचे, राजापेठेतले. गृहस्थ तिथल्या एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. एकुलता मुलगा लंडनला इंजिनिअर होता. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं दोन महिने दवाखान्यात पडून होता, त्यानंच तिकिटं पाठवली होती.

"नागपूरले आमी धम्माची दीक्षा घेतली, तवा माह्या खांद्याइतका व्हता," बाई म्हणाल्या.

हे दोघं आमच्या घरी आले असते, तर त्यांना अंगणात बसवून पाणी वरून ओंजळीत ओतलं असतं. इथं आमची कोपरं एकमेकांना लागत होती. बाईंनी डब्यातलं पापडासारखं ज्वारीचं धापोडं मोडून अर्धं मला दिलं, मी खाल्लं. नवरा मात्र कशालाच हात लावत नव्हता.

बैरूतला विमान थांबलं. हवाई सुंदरी बाईंना हात धरून तोंड धुवायला घेऊन गेली. त्या दिसेनाशा होताच गृहस्थांनी खिशातून एक तार काढली.

"मुंबईत पुतण्याच्या खोलीवरून निघताना दारातच हाती आली. माहं इंग्रजी कचेरीपुरतं. यात 'एक्स्पायर्ड' लिवलं हाये. आमच्या इथं लायसन एक्स्पायर व्हते, म्हंजे त्याची मुदत संपते. तसंच कायी असल ना? त्याच्या नोकरीचं, नायतर कागदाचं?"

मी तार दोनदा वाचली. मुलाचं नाव होतं, पुढं तोच शब्द, आणि मित्र विमानतळावर येतील एवढंच. दुसरा अर्थ काढायला जागा नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "तो गेला."

त्यांनी मान हलवली. तारेची पहिल्यासारखीच घडी घातली. "तिले सांगू नोका. इथं मधातच कोसळली, तर मी काय करू?"

बाई परत आल्या. "काय वाचून राहिले दोघंजण?"

"उतरल्यावरचा पत्ता," मी म्हणालो.

पुढचे कितीतरी तास बाई मुलाबद्दलच बोलत होत्या. त्याला अंबाडीची भाजी लागते, तिकडं मिळते का? रविवारी तू दवाखान्यात येत जाशील का? मी हो म्हणत राहिलो.

लंडनला दोन तरुण न्यायला आले होते. त्यातला एक बाईंच्या पायांवर वाकला, तो उठेचना. बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुले मालूम व्हतं."

"हो."

मला वाटलं, त्या मला बोलतील. पण त्या नवऱ्याकडं वळल्या. "कालपासून जेवले नाही तुमी. एकट्यानं काहून वागवलं हे?" एवढं म्हणून त्या तिथंच जमिनीवर बसल्या. लोक वळसा घालून जात राहिले.

मला पुढची गाडी पकडायची होती. मी गेलो.

परत आल्यावर कामासाठी अमरावतीला अनेकदा जाणं झालं. राजापेठेत विचारलं असतं, तर घर सापडलं असतं. मी कधी विचारलं नाही.