चाँदपाशाचं माप

मुरुम गावात चाँदपाशा सुताराच्या घरात मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. पोस्टात नोकरी, घरचं माणूस जवळ नाही, विरंगुळ्याला एक बाजाची पेटी. त्यामुळं त्या घरातलं सगळं माझ्या कानावर पडायचं, आणि खरं सांगायचं तर मी कान लावूनच बसायचो.

चाँदपाशा बैलगाडीची चाकं करायचा. पार कळंबहून लोक यायचे. त्यानं परकार, म्हणजे मापाचा कंपास, उघडला की चाकातले सगळे आरे सारख्या अंतरावर, केसाचाही फरक नाही. तोराही तसाच. कुणी मापाबद्दल शंका काढली तर म्हणायचा, आधी चाक फिरवून बघा, मग तोंड उघडा.

त्रेसष्ट साली त्याचा धाकटा भाऊ फकीर सोलापूरहून परत आला आणि खाटेला लागला. फकीर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा. क्षयानं छाती धरली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण फुंकून वाजवणं जन्मभराचं बंद केलं. वर बजावलं की या इंजेक्शनांनी कधी कधी कानही जातात, लक्ष ठेवा. फकीर दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचा. ताट पुढं आलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. चाँदपाशाची बायको जमिलाबी एकदा मला म्हणाली, "चार महिने झाले मास्तर, उद्या हा शब्द न्हाय त्याच्या तोंडात." हा माणूस औषधानं जगेल आणि असाच पडून मरेल, ही तिची भीती. मलाही तेच वाटायचं.

चाँदपाशानं सोलापुरात एका बँडमध्ये विजेची गिटार बघितली होती. फुंकायचं काही नाही, बोटं चालली की झालं. वाजवणाऱ्याला चहा पाजून त्यानं दोऱ्यानं लांबी-रुंदी घेतली होती, पडदे मोजले होते. वीस. पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या पितळी तारा. त्यांच्यावर तार दाबली की सूर बदलतो.

घरात ठेवणीतली शिसवाची फळी होती, ती त्यानं फकीरसाठी तशीच गिटार घडवायला काढली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कल्याणप्पानं सायकलच्या डायनामोतलं लोहचुंबक आणलं. गिटारचा आवाज लाउडस्पीकरपर्यंत न्यायला त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे पाच हजार वेढे घालायचे होते. कल्याणप्पा गुंडाळायचा आणि जमिलाबी जपाच्या तसबीहचे मणी ओढत मोजायची. तीन हजारांवर शेजारीण विरजण मागायला आली, मोजणी चुकली, आणि सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. मग पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चाँदपाशा कापडाच्या बोळ्यानं आठ दिवस घासत होता. धूळ बसेल म्हणून अंगण झाडायला बंदी. तोवर फकीरचं तोंड भिंतीकडून आढ्याकडं वळलं होतं. तेवढ्यावर आम्ही चौघं आस लावून होतो, आणि त्याला गिटार पसंत पडली नाही तर काय, हा विचार मला सुटत नव्हता.

शुक्रवारी नमाजानंतर तारा चढल्या. कल्याणप्पानं लग्नातला लाउडस्पीकर जोडला. फकीर उठून बसला. त्यानं मोकळी तार छेडली आणि घर असं भरून गेलं की कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या. मग त्यानं बोट दाबलं. सूर उतरलेला. पुढचा पडदा, तोही उतरलेला. त्यानं बँडमधली जुनी चाल धरली, ती वेडीवाकडी झाली. पुन्हा धरली, पुन्हा तसंच. त्याची बोटं थांबली.

"भाईजान," तो हळूच म्हणाला, "माझं कानबी गेलं का?"

कल्याणप्पा भाबडेपणानं बोलून गेला की चाँदपाशानं परकारानं घेतलेलं माप कसं चुकेल. बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. माप बरोबर, तर कान गेला. कुणी कुणाकडं बघेना.

चाँदपाशानं मला पेटी आणायला सांगितली. फकीरला पाठमोरा बसवला. मी आधी षड्ज वाजवून मग एक पट्टी दाबायची, त्यानं सूर ओळखायचा. "गंधार," तो म्हणाला. मग "कोमल धैवत." मग "निषाद." पुढच्या पट्टीला मात्र तो गप्प राहिला. चाँदपाशानं खाटेची माच घट्ट धरली होती.

"मास्तर," फकीर म्हणाला, "तुमच्या पेटीचा पंचम उतरलाय."

उतरलाच होता. वर्षभर मला ठाऊक होतं आणि मी लपवत होतो.

तीस वर्षांत पहिल्यांदा चाँदपाशाचं माप चुकलं होतं आणि तो पठ्ठ्या आनंदानं रडत होता. "चाकाला आरं लावतो तसंच पडदं लावलं म्या," तो म्हणाला. "सगळं सारखं."

लगेच त्यानं पकड घेऊन विसाच्या वीस पडदे उपटले. आठ दिवसांचं पॉलिश पापुद्र्यांनी निघालं. त्यानं एकदाही हळहळ केली नाही. आता फकीर सुरीची पाठ तारेखाली सरकवत सूर शोधायचा, "इथं" म्हणायचा, आणि चाँदपाशा पेन्सिलीनं रेघ मारायचा. प्रत्येक पडद्याला अंतर कमी होत जात होतं. ते त्याला बघवेना. दोनदा हात परकाराकडं गेला, तेव्हा जमिलाबीनं परकार उचलून आपल्या मांडीखाली घेतला.

अकरा रेघा झाल्या आणि फकीरला खोकला लागला. चाँदपाशानं सुरी काढून घेतली, पुरे म्हणाला. फकीर आडवा झाला, पण कुशीवर, आमच्याकडं तोंड करून.

"बाकीचं नऊ उद्या," तो म्हणाला.

जमिलाबी चुलीपाशी गेली होती. तिथूनच तिनं विचारलं, "कवा?"

"उद्या, भाभी."

तिनं पुन्हा विचारलं. ऐकू आलं नव्हतं असं नाही.