मोंबासाच्या पोरीचे रविवार

पनवेलच्या भातगिरणीत राबणाऱ्या दयारामचा भाऊ आफ्रिकेत, मोंबासा बंदरावर कामाला होता. तो आणि त्याची बायको, दोघंही तिकडेच वारली; मागे दोन वर्षांची पोर उरली. दयाराम आणि गोदूला मूलबाळ नव्हतं. तिला आपलीच म्हणून आणायचं ठरवून त्यांनी सरकारकडं अर्ज धाडला.

तेव्हापासून दर रविवारी, पोरीला कुठं फिरवायचं ते दोघं आधी जाऊन बघून यायची. पहिल्या वर्षी नुसतं तळ्याकाठी, एवढ्याशा पायांना तेवढंच झेपलं असतं. मग उरणचा समुद्र. तिथं लाटेत उभी राहून गोदू अंदाज घ्यायची, पाणी पोरीच्या कुठवर येईल. सरकारी कचेरीतून मात्र दर खेपेला एकच उत्तर: कागद पुढं गेलेत. मेले कुठं जात होते, कोण जाणे!

अशी बारा वर्षं गेली. पोर चौदाची झाली, म्हणून या रविवारी त्यांनी कर्नाळ्याचा किल्ला धरला. निम्म्या चढणीतच गोदू धापा टाकत दगडावर बसली. दयाराम गुडघे चोळत शेजारी टेकला.

"कशी हाय वाट? जमंल तिला?"

गोदूनं वर सुळक्याकडे पाहिलं.

"तिला जमंल वो," ती म्हणाली. "आपल्यालाच नाय जमायचं आता."