रक्त चालतं, हात नाही

"हात ठेव," सर म्हणाले.

ठेवला. काचेच्या प्लेटीतल्या, जंतू वाढवायच्या लाल माध्यमावर माझी पाच बोटं टेकवली. दुसऱ्या दिवशी बोटांच्या जागी पांढरे-पिवळे ठिपके उगवले होते. जंतूंचे. सरांनी प्लेट वर धरली, मग सगळ्यांच्या हातून फिरवली.

"बघा, मेंढक्यानं काय पेरलंय!"

सगळे हसले. एकानं नाकाला रुमाल लावला. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

मी ढोरांच्या डॉक्टरकीचा विद्यार्थी. औरंगाबादच्या एका प्रयोगशाळेत आम्ही चौघं जंतू ओळखायचं काम शिकायला आलो होतो. कास सुजलेल्या गाईच्या दुधाची तपासणी चालू होती, आणि आमच्या प्लेटींवर बुरशी आली. बुरशी हवेतूनही येते. प्लेटींत माध्यम चौघांनीही ओतलं होतं. बोटं फक्त माझी तपासली. सरांचे आजोबा भिक्षुकी करायचे, माझे मेंढरं वळायचे. एवढा पुरावा त्यांना पुरला.

संध्याकाळी गारखेड्याच्या खोलीवर नळाखाली हात घासत बसलो. लाल साबण. भांडी घासायचा काथ्या. कातडी सोलली तरी घासतच होतो. जंतू प्रत्येक माणसाच्या हातावर असतात, घासून संपत नाहीत, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. मार्कही मिळाले होते. एका टोमण्यानं सगळं शिकलेलं पुसून टाकलं. मला माझ्याच हाताची किळस आली.

पुढच्या आठवड्यात बाप करमाडहून मेंढी घेऊन आला. ते लाल माध्यम करायला मेंढीचं ताजं रक्त लागतं, आणि ते दर वेळी आमच्याच कळपातून यायचं. बापानं मेंढी धरली. मी मानेच्या शिरेतून रक्त काढलं आणि गोठू नये म्हणून काचेचे मणी घातलेला फ्लास्क हलवत राहिलो. सोललेली बोटं झोंबत होती. बाहेर रस्त्यावरून नामांतराचा मोर्चा चालला होता.

सर आले. "दे इकडं. आता तू बाजूला हो. ओतायला हे तिघं आहेत."

बाप दारातून बोलला, "का वं सायेब? पोराच्या हाताला काय झालं?"

सरांनी खिडकीकडं बोट केलं. "त्यांना विद्यापीठाला नाव पाहिजे, तुमच्या पोराला प्लेटी पाहिजेत. डोक्यावर बसवून ठेवलंय सगळ्यांना."

मोर्चा दलितांचा, आपला नाही, असं मनाशी म्हणत मी रोज कडेकडेनं जायचो. सरांनी आम्हाला एकाच पंगतीत बसवलं. बरंच केलं.

मी कोरी प्लेट घेतली, सरांपुढं ठेवली.

"सर, आधी तुमचा हात ठेवा. मग या तिघांचे. मग माझा."

सरांनी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

"गप रं," बाप कुजबुजला. "मोठी माणसं हायेत ती."

"बाहेर हो," सर म्हणाले.

"मग रक्तही बाहेर येईल."

फ्लास्क घेऊन निघालो. मागं बाप, त्याच्या मागं मेंढी. सगळं रक्त गटारीत ओतलं.

सरांनी मला नापास केलं. बाप कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पुढच्या तुकडीबरोबर मी परत गेलो आणि त्याच टेबलाशी उभा राहिलो.

हात मी आजही धुतो, कामाआधी आणि कामानंतर. पण कुणाच्या नाकासाठी पुन्हा घासणार नाही. माझा हात तपासायचाय? आधी स्वतःचा ठेवा.