पोटातलं मन

काल छोट्या भाचीच्या बेंबीभोवती हिंग लावताना त्या उग्र वासाने मला सौदीतल्या जेद्दा शहरात, अझीझिया भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नेऊन सोडलं. मी आठवीत होते. त्या दिवशी वर्गात हवाई बेटांवर बोलायचं होतं आणि मला काहीही करून घरी राहायचं होतं.

“स्टमक पेन,” मी कण्हत सांगितलं. आई वाटीत हिंग कालवून आली आणि पोटावर लावू लागली. शेवटचा उपाय म्हणून मी भाषणातलाच मुद्दा काढला, “आई, हवाईचे लोक मन आतड्यांत असतं असं मानतात. माझं मनच दुखतंय.”

“मग लेप बरोबर जागी लागतोय,” आई म्हणाली. खाली स्कूलबसचा हॉर्न वाजला. “यल्ला, पळ!”

वर्गात उभी राहून मी आतड्यांतल्या विचारांचं पहिलं वाक्य बोलले आणि पुढचं सगळं विसरले. त्या शांततेत माझं पोट मोठ्याने गुरगुरलं.

“बोलो बेटा,” टीचर म्हणाल्या, “लगता है सोच लिया.”

सगळ्या मुली खिदळल्या. मलाही हसू फुटलं आणि उरलेलं भाषण घडाघडा आलं. तरी नंतर आठवडाभर लाजेने तोंड लपवत फिरले. आता वाटतं, अख्ख्या वर्गात पुरावा घेऊन आलेली मी एकटीच होते.