यमुनाबाईंची नोटीस

मंगळवार, १२ ऑगस्ट. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एका तरुण अधीक्षकांनी मला ऐकवलं, "मॅडम, त्या रिटायर्ड. त्यातून क्लास फोर. अशांसाठी शोकाची नोटीस काढायची पॉलिसी नाही."

आदल्या दिवशी यमुनाबाई मेश्राम गेल्या होत्या.

तीस वर्षं या कॉलेजातल्या प्रत्येक मृत्यूची नोटीस ज्यांनी वर्गावर्गात नेली, त्यांची नोटीस एकाही वर्गात गेली नाही.

मी तिथे इंग्रजी शिकवायचे. कॉन्व्हेंटची आहे, आवाज न चढवता भांडता येतं. मंगळवारी चढवला.

या ग्रुपवरच्या नव्या लोकांसाठी सांगते.

मी एकोणसत्तर साली रुजू झाले तेव्हा शहराबाहेर बेशाच्या वाटेवर तुरीच्या शेतांमध्ये पत्र्याचे सहा वर्ग होते. बस मैलभर अलीकडूनच परत फिरायची. रामदासपेठेतली माझी मावशी शेजारणींना सांगायची, "रोज खेड्यावर जाते बिचारी."

मग भिवापूरकडची, उमरेडकडची पोरं शिकायला आली, म्हणून भाड्याच्या खोल्या झाल्या. खोल्या झाल्या म्हणून मेस, मेसच्या शेजारी सायकलचं दुकान, त्याच्या माडीवर टायपिंग क्लास. आज बिल्डर तिथले फ्लॅट 'एज्युकेशन हब' म्हणून विकतात. ती वस्ती कॉलेजने जन्माला घातली, हे त्यांच्या ब्रोशरमध्ये नाही.

त्या वस्तीची एक रीत होती.

कॉलेजातलं कुणी गेलं की घंटेचा एकच टोल पडायचा. वर्ग दोन मिनिटं उभे. बाहेर सायकलवाले चाचा पंप सोडून उभे. मेसच्या काकू तव्यावरची पोळी उतरवून उभ्या.

कोण गेलं, हे त्या दोघांना माहीतही नसायचं. तरी उभे राहायचे.

टोल पडण्याआधी यमुनाबाई सूचना वही घेऊन यायच्या. प्राध्यापकाने वाचायची, सही करायची, वही परत. एरवी झपझप चालायच्या. मृत्यूची नोटीस असली की वही छातीशी धरून, सावकाश.

एकदा त्या तशाच आल्या. माझा अख्खा बी.ए. फर्स्ट इयर मान खाली घालून उभा राहिला. मीही खडू खाली ठेवला.

वही उघडली. 'सायकली स्टँडमध्ये आडव्या लावू नयेत.'

"चप्पल तुटली, मॅडम," यमुनाबाई दारातून म्हणाल्या. "पोरं काहून उभे राहिले?"

त्यांना आधी वाचता येत नव्हतं. छप्पन साली वडिलांबरोबर धम्मदीक्षेला गेल्या तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या, शाळा पाहिलेली नव्हती. कॉलेजात लागल्यावर वर्षभरात मुलींकडून अक्षरं शिकल्या. मी विचारलं, कशासाठी? म्हणाल्या, "मी काय घेऊन फिरून राहिली, हे मले मालूम नको?"

मग कॉलेजचे माळी गणपतबुवा गेले. सत्तरीच्या दशकाचा शेवट असेल.

नोटीस निघाली नाही. तेव्हाही कुणीतरी 'चतुर्थ श्रेणी' म्हणालं होतं.

आठवड्याने संस्थेच्या अध्यक्षांच्या सासूबाई गेल्या. नोटीस निघाली. यमुनाबाईंनी वही उचलली, आणि प्राचार्यांच्या दारासमोरच्या बाकावर मांडीवर घेऊन बसल्या.

"हे तुमचं काम आहे, यमुनाबाई," प्राचार्य म्हणाले.

"हो साहेब. आधी माळीबुवाची काढा. मंग दोन्ही घेऊन जातो."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. ज्या झाडाखाली तुमची स्कूटर राहते, ते लावलं कोनं?"

आणि मी काय केलं? सांगते, कारण मंगळवारपासून दुसरं काही डोक्यात नाही. मी स्टाफरूममधून चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "कशाला अडून बसता, यमुनाबाई? एवढ्याशा गोष्टीसाठी?"

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं.

"तुमच्यासाठी तं निघंलच, मॅडम."

मी कप घेऊन आत गेले.

पावणेदोनला प्राचार्यांनी दुसरी नोटीस लिहिली. यमुनाबाई उठल्या, वही छातीशी धरली, सगळ्या वर्गांतून सावकाश फिरल्या. त्या दिवशी टोल दोन पडले. आम्ही चार मिनिटं उभे होतो. चाचाही. काकूही.

त्यानंतर नोकरीत असो की निवृत्त, प्राचार्य असो की झाडूवाला, प्रत्येकाची नोटीस निघत आली. ही पॉलिसी एका बाईने नोकरी पणाला लावून करून घेतली आहे. ती नाही म्हणायला अधीक्षकांना फाईलही उघडावी लागली नाही.

तेव्हा माझं म्हणणं इथे सर्वांसमक्ष मांडते. याची प्रत आजच्या प्राचार्यांना रजिस्टर पोस्टाने गेली आहे.

यमुनाबाईंची नोटीस कोणत्या दिवशी फिरणार, हे मला प्राचार्यांच्या सहीने लेखी हवं. फिरणार नसेल तर कोणत्या नियमाने, तेही लेखी. मुदत मंगळवार, १९ ऑगस्ट, सायंकाळी पाच. फोन करू नये. हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळं होऊ नये.

आणि मीही ऐंशीला टेकले आहे. माझी नोटीस काढायची वेळ फार लांब नाही.

यमुनाबाईंची निघाली नाही, तर माझी काढू नका. माझ्यासाठी एकाही पोराने उभं राहायचं नाही. हेही त्याच कागदावर लिहून द्या.

यमुनाबाई, जयभीम.

सावकाश जा.