गार्डाच्या डब्यातून दिसणारी बाग

मी पॅसेंजर गाडीवर गार्ड होतो. आता त्या पदाचं नाव बदललंय, पण मला गार्डच बरं वाटतं. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात माझी लहानशी खोली असायची. एक खुर्ची, ब्रेकचा दांडा, झेंडे आणि दोन्ही बाजूंना दरवाजे.

झाराप सोडलं की रुळांलगत एक काजूची बाग लागायची. तिथे एक बाई हातातलं काम थांबवून गाडी बघत उभी राहायची. मी हिरवा झेंडा जरा वर धरायचो, ती मान हलवायची. अशी काही वर्षं गेली.

एकदा नेमकं ती बाग ओलांडल्यावर इंजिन बंद पडलं. अशा वेळी मागून येणारी गाडी थांबवायला गार्डाने लाल झेंडा घेऊन मागे चालत जायचं आणि दुसरं इंजिन येईपर्यंत तिथेच राखण करायची. मी भर उन्हात बागेसमोर उभा होतो. तासाभराने ती बाई पेजेचा डबा घेऊन बांधावर आली.

"रोज बघतंय तुमका," ती म्हणाली. "आज गावलात."

पेज अर्धी झाली तोच दुसऱ्या इंजिनाने लांब शिट्टी देऊन मला परत बोलावलं. तिने झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. सावकाश परत करा म्हणाली.

सुटीच्या दिवशी त्याच डब्यात आमच्या तोंडवली गावची सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, भरून मी तिच्या घरी गेलो. नवरा मुंबईत नोकरीला, घरात ती आणि सासरे. बोलता बोलता कळलं, रुळांखाली गेलेली जमीन सासऱ्यांची होती आणि ते स्वतः गाडीत एकदाही बसले नव्हते. कुठे जायचंच नव्हतं, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी दोघांना झारापहून गाडीत बसवलं. माझ्या खोलीत प्रवाशाला घेता येत नाही, म्हणून शेजारच्या डब्यात. सावंतवाडीला गाडी रिकामी झाल्यावर मात्र स्टेशनमास्तरांना विचारून म्हाताऱ्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. ते मागे गेलेल्या रुळांकडे बघत राहिले.

"हयसून आमची बाग दिसता?"

मी सांगितलं, पुढच्या डब्यांतून दिसेनाशी झाली तरी इथून दिसत राहते.

सुनेने चला म्हटलं. "रव गो जरा," ते म्हणाले.

आता ते नाहीत. मीही निवृत्त झालो. हल्ली प्रवासी म्हणून तिथून जातो. खिडकीत बाग येते न येते तोच निघून जाते. मान वळवून बघावं, तर मागच्या माणसाचं डोकं आड येतं.