डावीकडचा स्पीकर

गेल्या डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी सकाळी चंडीगडच्या मनीमाजरा भागातून आमच्या दुकानात फोन आला. ऑक्टोबरमध्ये बसवलेल्या नव्या जोडीतला डावा स्पीकर डग्ग्याच्या प्रत्येक थापेला झणझणतो, अशी तक्रार होती. फोन रेगे काकांचा होता. जुने मोठे स्पीकर परत आणण्यासाठी रविवारचा टेम्पो सांगून ठेवलाय, हेही त्यांनी त्याच फोनवर सांगितलं.

मी चंडीगडमध्ये हाय-फाय म्युझिक सिस्टिमच्या दुकानात काम करतो. घर बघायचं, स्पीकर सुचवायचे आणि बसवून द्यायचे, हे माझं काम. रेगे काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. मोठ्या हॉलचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि ते नि काकू मनीमाजऱ्यातल्या दोन खोल्या आणि हॉलच्या फ्लॅटमध्ये आले. क्वार्टरमधले त्यांचे स्पीकर फ्लोअरस्टँडर होते. म्हणजे जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढे उंच. असे स्पीकर भिंतीपासून लांब ठेवावे लागतात आणि ऐकणाऱ्यालाही लांब बसावं लागतं. जवळ बसलं तर वरच्या छोट्या आणि खालच्या मोठ्या पडद्याचे आवाज एकजीव होत नाहीत. नव्या हॉलमध्ये लांब बसायचं तर सोफा बाल्कनीत टाकावा लागला असता.

काकांचा तोडगा तयार होता. मोठे स्पीकर दुसऱ्या खोलीत ठेवायचे, तिथेच एक आरामखुर्ची टाकायची, दार लावून घ्यायचं.

ती खोली काकूंना हवी होती. काकू गणित शिकवतात. प्रत्येक बदलीच्या गावी त्यांनी शिकवण्या सुरू केल्या, आणि प्रत्येक वेळी मुलं बोर्डाच्या वर्षाला येईपर्यंत बदलीची ऑर्डर आली. एकही तुकडी त्यांना दहावीपर्यंत नेता आली नव्हती. आता बदली संपली होती. जानेवारीपासून वर्ग सुरू, असं त्यांनी सोसायटीतल्या पालकांना सांगूनही टाकलं होतं.

म्हणून ऑक्टोबरमध्ये दोघं दुकानात आले होते. मी बुकशेल्फ स्पीकर दाखवले. नाव असं असलं तरी ते पुस्तकांच्या फळीवर कोंबायचे नसतात. मोठ्या डिक्शनरीच्या आकाराचे म्हणून हे नाव.

"निकम, हे खेळणं आहे का?" काका म्हणाले.

"लहान खोलीसाठी आहेत, काका."

"खोली लहान झाली. मी नाही झालो."

"तुम्हाला सोफ्यावर बसायचंय," काकू म्हणाल्या. "स्पीकरमध्ये नाही."

काकांनी दोन जोड्या आलटून पालटून ऐकल्या. इथे मी एक नियम पाळतो. दोन्हींचा आवाज आधी मोजून सारखा करायचा. नाहीतर जो किंचित मोठ्याने वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, आणि बहुतेक वेळा तो महागडा असतो. आमचे मालक, सगळे ज्यांना पंजाबी पद्धतीने पाजी, म्हणजे भाऊ, म्हणतात, त्यांना हा नियम पसंत नाही.

"निकम जी, बंदा बड़ा माँग रहा है, तू छोटा बेच रहा है," ते माझ्या कानात म्हणाले. "कैसा सेल्समन है यार?"

"बड़ा वापस आएगा, पाजी."

"और छोटा?"

"नहीं आएगा."

"पक्का?"

"पक्का."

काकांनी लहान जोडी घेतली, पण अट घालून. नवीन वर्षापर्यंत ऐकून बघणार. पटलं नाही तर मोठे स्पीकर दुसऱ्या खोलीत येणार. तोपर्यंत ते एका जुन्या सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये राहणार. काकूंनी अट मान्य केली. मी साक्षीदार.

बसवायला गेलो तेव्हा स्टँडचा विषय काढला. लहान स्पीकर कानाच्या पातळीला यावा लागतो, त्यासाठी लोखंडी स्टँड मिळतात. काकूंनी हातानेच नाही म्हटलं. बदलीवाल्या घरात एक रीत असते. ज्यात सामान भरता येत नाही, अशी वस्तू विकत घ्यायची नाही. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची एकेक ट्रंक होती, विटांवर ठेवलेली, वर भरतकामाची चादर. अशा ट्रंका या घरात टेबल असतात, बाक असतात, पाहुणे जास्त झाले तर पलंगही असतात. स्पीकर त्यांवर ठेवले. उंची बरोबर आली. ट्रंका हलवून बघितल्या, हलल्या नाहीत. वाजवून बघितलं. काका अर्धा तास एकामागून एक रेकॉर्डिंग लावत राहिले. आमच्या धंद्यात ही पावती समजतात.

डिसेंबरमधल्या त्या फोननंतर पाजी माझ्याजवळ आले.

"पक्का था ना?"

"कल जाके देखता हूँ."

"देखना नहीं है. ठीक करके आना है."

शनिवारी धुकं होतं. पोचलो तेव्हा काका मफलर, स्वेटर आणि कानटोपी घालून सोफ्यावर बसले होते. कानटोपी काढल्याशिवाय तक्रार ऐकणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी काढली. तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं. डग्ग्यावर थाप पडली की डावीकडून झण्ण असा आवाज येत होता. तक्रार खरी होती.

"ऐकलंस?" काका म्हणाले. "लहान जीव आहे. झेपत नाही त्याला."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "टेम्पोवाल्याला उद्या किती वाजता यायला सांगितलंय?" त्यांनी विचारलं. प्रश्न काकांना होता, पण बघत माझ्याकडे होत्या.

"दहाला."

अशा वेळी शोध ठरलेल्या क्रमाने घेतात. आधी भिंत. या स्पीकरला मागे एक भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. खर्जातली हवा तिथून बाहेर येते. भिंत जवळ असेल तर खर्ज फुगतो. मी स्पीकर पुढे ओढला आणि पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घातला. झणझण तशीच.

मग उजवा स्पीकर डावीकडे ठेवला, डावा उजवीकडे. दोष स्पीकरमध्ये असेल तर तो स्पीकरबरोबर जातो. तो गेला नाही. डावीकडेच राहिला.

मग अँप्लिफायरच्या मागच्या वायरी उलट्या लावल्या. अँप्लिफायरचा दोष असेल तर तो आता उजवीकडे जायला हवा. तरी डावीकडेच.

"म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"म्हणजे स्पीकर चांगला आहे, अँप्लिफायर चांगला आहे. जागा वाईट आहे."

"ऑक्टोबरमध्ये जागा चांगली होती?"

आसपास आणखी काय झणझणतंय ते शोधायला लागलो. मी खिडकीची काच दाबून बघितली, टीव्हीमागची वायर धरून बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. अर्धा तास गेला. काकांनी फोन काढून सहकाऱ्याला गॅरेजची किल्ली तयार ठेवायला सांगितलं.

"बस जरा," काकू म्हणाल्या. "गारठलायस. चहा टाकलाय." आणि माझ्या मांडीवर एक रजई टाकली.

रजईला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. कडक, नुकत्याच बाहेर काढलेल्या कपड्यांचा.

"काकू, ही कुठे असते?"

"कुठे म्हणजे? ट्रंकेत. मागच्या आठवड्यात काढल्या सगळ्या. इथली थंडी काय आपल्याकडची आहे?"

"कुठल्या ट्रंकेत?"

त्यांनी बोट केलं. डावीकडच्या.

"आणि उजवीकडच्या?"

"तिच्यात पितळेची भांडी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती कशाला काढू?"

चादर वर करून डाव्या ट्रंकेवर टिचकी मारली. टाकीसारखी वाजली. उजवीवर मारली. धप्प. रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि डाव्या ट्रंकेच्या झाकणावर दोन्ही तळवे दाबून धरले. झणझण थांबली. हात काढले, सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये ट्रंक रजयांनी गच्च भरलेली होती, झाकण आतून दाबलेलं होतं. आता आत नुसती हवा होती आणि वरचा पत्रा तबल्याच्या साथीला बसला होता.

काका उठून आले. त्यांनी स्वतः हात ठेवला, काढला, ठेवला.

"तुम्ही काढल्यात रजया," ते काकूंना म्हणाले.

"हो. आणि तुम्ही दोन घेऊन झोपता."

स्टँड घ्या, असं मी पुन्हा सुचवलं. काकूंनी पुन्हा हात हलवला. ट्रंक भरायला जड काहीतरी हवं, एवढंच मी म्हणालो. तांदळाचं पोतं चालेल, जुनी पुस्तकं चालतील.

काकू दुसऱ्या खोलीत गेल्या आणि दोरीने बांधलेला एक गठ्ठा घेऊन आल्या. काकांची हाय-फायची मासिकं होती. प्रत्येक बदलीत बरोबर आलेली. असे गठ्ठे त्या खोलीच्या एका भिंतीला खिडकीपर्यंत लागलेले होते.

"ही नाही," काका म्हणाले. "मला संदर्भाला लागतात."

"स्पीकरच्या खालीच ठेवतेय की. संदर्भ सोडून कुठे जातायत?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मासिकं उत्तम, कागद आवाज शोषतो, असं मी सांगितलं. ते खरंही आहे. गठ्ठे आम्ही तिघांनी मिळून उचलले. ट्रंक भरली, उरलेले गठ्ठे काकांच्या पलंगाखाली गेले. झाकण लावताना मला त्यावर बसावं लागलं. स्पीकरच्या खाली रबराचे चार तुकडे लावले, पोर्टमधला स्पंज काढून घेतला आणि तबला लावला. काका सोफ्यावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी टेम्पोवाल्याला फोन करून उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलं.

सोमवारी पाजींना सगळं सांगितलं. "रजाई?" ते म्हणाले, आणि बराच वेळ हसले. तेव्हापासून मी घर बघायला जातो तेव्हा स्पीकर कशावर ठेवणार हे विचारतो, आणि ते उन्हाळ्यात नि हिवाळ्यात आतून सारखंच भरलेलं असतं का, हेही विचारतो. लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. उत्तर मात्र देतात.

मोठे स्पीकर गॅरेजमधून त्या सहकाऱ्याच्याच हॉलमध्ये गेले. जानेवारीत काकूंच्या खोलीत नववीची पाच मुलं आली. एप्रिलमध्ये तीच मुलं दहावीत गेली. वर्ग त्याच खोलीत सुरू आहे.